प्रकरण चौदा : प्रियूचा अर्ज

रिसोडहून आलेल्या जीपमधून प्रियदर्शनी उतरली तेव्हा जगदेव रस्त्याकडेच्या हौदावर दोडके धूत होता. भाद्रपदातल्या लक्ष्म्यांच्या सणाला पोरगी येणार हे ठरलेलंच होतं, त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते ड्रायव्हरने टपावरून खाली सोडलेल्या गादीच्या वळकटीचं. वळकटीमागून बादली आली, बादलीमागून पुस्तकांचं खोकं. तीन दिवसांच्या सणासाठी अमरावतीहून कोणी बादली घेऊन येत नाही.

जगदेवने तोंडातला तंबाखू थुंकला, चूळ भरली, ओले हात पायजम्याला पुसले आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"वळकटी काहून आणली?"

"धुवाची हाय."

"गादी धुवाची हाय?"

ती हसली. पण हसताना तिने खाली पाहिलं, आणि खोकं उचलून घराकडे चालू लागली. जगदेव वळकटी खांद्यावर टाकून मागोमाग गेला. वाटेत त्याने आणखी काही विचारलं नाही, कारण ती पुढे चालत होती.

जगदेवचा धाकटा भाऊ गणेश जाऊन चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून गणेशची बायको वर्षाराणी आणि लेक प्रियदर्शनी याच घरात, एकाच चुलीवर. जगदेवला पोटची एकच मुलगी, शुभांगी. पण मुली किती, असं कोणी विचारलं की तो दोन म्हणायचा. जूनमध्ये अमरावतीच्या विद्यापीठात वनस्पतीशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रियूचा नंबर लागला, त्या गुरुवारी त्याने रिसोडच्या बाजारात दिसेल त्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी फुकट कोंबली होती. गावात तोवर भाजीपाल्याच्या शेतातून उठून कोणाची मुलगी एवढ्या लांब शिकायला गेली नव्हती.

प्रियूला कमी ऐकू यायचं. किती कमी, ते कोणी मोजलं नव्हतं. 'जराकसं कमी' असा घरातला शब्द होता, आणि त्या शब्दाच्या पुढे कोणी जात नसे.

संध्याकाळी लक्ष्म्या बसल्या. दोन्ही मुखवट्यांना साड्या नेसवून झाल्या, पावलं काढून झाली, आणि उद्याच्या सोळा भाज्या निवडायला सगळं घर अंगणात पोत्यावर बसलं. जगदेवची आई कस्तुराबाई अंबाडीची पानं खुडत होती. जगदेवची बायको ललिताबाई आणि वर्षाराणी गवारीच्या शिरा काढत होत्या. शुभांगी भेंडी पुसत होती. मध्ये बल्ब, आणि बल्बच्या उजेडात सगळ्यांच्या समोर येईल अशी प्रियू.

"मले एक सांगाचं हाय," ती म्हणाली. "मी नापास झाली."

शुभांगीच्या हातातली भेंडी तशीच राहिली.

"पहिली चाचणी होती. सर फळ्याकडं तोंड करून बोलतेत. त्याइची पाठ दिसते मले, शब्द दिसत नाई. पोरं हसली का मी हसते. कायले हसले ते माहीत नसते." तिने एक दोडका उचलला, परत ठेवला. "वाटलं, घरी जावं. रिसोडले काहीतरी करू. म्हणून गादी आणली. पण आमच्या एक मॅडम हायेत, त्याइनं निघतानी बसस्टँडवर फोनवर मेसेज टाकला. तिसऱ्यांदा."

"काय म्हणतेत?" जगदेवने विचारलं.

"विद्यापीठाचा निधी हाय. दिव्यांग विद्यार्थ्याईसाठी. दोन्ही कानाच्या चांगल्या मशिनी भेटतेत. सराईच्या गळ्यात लहानसा माइक अडकवाचा, त्याइचा आवाज सिद्धा माह्या कानात येते. अन् टिपणं लिहून देणारं कोणीतरी. शुक्रवारलोक अर्ज कराचा हाय, तीच शेवटची तारीख. पण त्याच्यासंगं सरकारी दाखला लागते. दाखला नसन तर तपासणी झाल्याची पावती तरी. वाशीमले बुधवारी तपासतेत."

"दाखला कायचा?" जगदेव म्हणाला. त्याला समजलं नव्हतं असं नाही.

"अपंग असल्याचा."

"आपल्या घरात अपंग कोणी नाई."

"मीबी मॅडमले दोनदा तेच म्हणलं, मोठे बाबा. माह्यापेक्षा जास्त गरज असणारे हायेत, म्हणलं. मेहनत केली तर जमन, म्हणलं. रात्रंदिवस पुस्तक वाचलं. पण सर पुस्तकातलं इचारत नाईत, वर्गातलं इचारतेत."

"मशीनच पाहिजे ना? अकोल्याहून आणू. त्याच्यासाठी सरकारकडं कायले जाचं?"

"दहावीत आणली होती तशी? ते शिट्टी मारे. अन् माइक दुकानात भेटलाबी, तरी सराईले गळ्यात घाला म्हणणार कोण? मी म्हणलं तर हसतीन. विद्यापीठानं म्हणलं तर घालतीन."

ललिताबाई जगदेवच्या मदतीला आली. मांडीवरचं गवारीचं सूप बाजूला ठेवून ती प्रियूकडे वळली आणि हळू, एकेक शब्द सोडत म्हणाली, "उद्या मंगरूळपीरचे पाहुणे जेवाले येऊन राह्यले, बाई. शुभीचं जमून राह्यलं. तेवढं होऊ दे. मंग काढू दाखला, काय काढाचा तो."

"माह्या नावानं काहून थांबता?" शुभांगी उसळली. "प्रियूचा अर्ज शुक्रवारलोक हाय. माहं लग्न काय शुक्रवारी हाय का?"

"लोकं इचारतेत, शुभे. घरात असं काही हाय का म्हणून. पोरीच्या घरात तर आधी इचारतेत."

"इचारू दे."

वर्षाराणी खाली मान घालून गवार सोलत होती. सगळे तिच्याकडे पाहू लागले तेव्हा ती लेकीकडे न पाहता म्हणाली, "दादा म्हणतेत तेच बरोबर. दादांनी आपलं वाईट कधी केलं का?"

प्रियूने आईचा चेहरा दिसावा म्हणून मान वाकवली. वर्षाराणीने ती आणखी खाली घातली.

जगदेवला बळ आलं. "अन् मी म्हणतो, एवढं हाय काय? घरात तर तिले सगळं आयकू येते! मी बोललो अन् तिले समजलं नाई, असं एकदा तरी झालं का? सांगा."

"जगदेवा," कस्तुराबाई म्हणाली. ती इतका वेळ बोलली नव्हती. "तू तिच्यासंगं बोलाच्या आधी तंबाखू काहून थुकतं?"

"काय?"

"माह्यासंगं बोलतानी थुकत नाई. बायकोसंगं बोलतानी थुकत नाई. तोंडात बार घेऊन पुटपुटतं, अन् आमी काय समजाचं ते समजून घेतो. पोरीपुढं आला का चूळ भरतं. काहून?"

जगदेवचा हात आपसूक तोंडाकडे गेला.

"तिले तुहे ओठ दिसले पाहिजे म्हणून. चौदा वर्षं झाली. तुले कोणी सांगतलं नाई, तूच कराले लागला. वर्षा तिले हाक मारत नाई, पाय आपटते. शुभी आधी खांद्याले हात लावते. ललिता एरवी साऱ्या घरावर चुलीपासून वरडते, पण तिच्यासाठी उठून बाहीर येते. मी दिवा लावल्याबिगर तिच्यासंगं बोलत नाई. तिले आयकू येत नाई रे बाप्पा. आपण सारे तिच्या पुढ्यात जाऊन बोलतो." म्हातारीने अंबाडीचा उघडा देठ फेकून दिला. "तथी अमरावतीले तिच्या पुढ्यात कोण जाईन?"

ललिताबाईने सूप परत मांडीवर घेतलं. प्रियूने यातलं किती टिपलं कोण जाणे. आजीच्या तोंडात दात नव्हते, तिचे शब्द पकडायला तिला नेहमीच जड जाई. पण तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. जणू आपलंच घर ती पहिल्यांदा मोजत होती.

जगदेव उठला. "उद्या पाहुण्याईपुढं हा विषय नको," एवढंच म्हणाला आणि मोटार बंद करायच्या निमित्ताने विहिरीकडे गेला.

आईने बोलून दाखवलं ते खरं होतं, आणि ते त्याने आजवर एकदाही मनात आणलं नव्हतं. पण त्याची नकारघंटा ते न कळल्यामुळे नव्हती, शुभांगीच्या सोयरिकीसाठी तर त्याहून नव्हती. दाखला म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे प्रश्न. कधीपासून? कशाने? त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं पुरतं उत्तर या घरात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि ललिताबाईला. चौदा वर्षांत दोघांनी एकमेकांपाशीही ते काढलं नव्हतं. मघाशी तिने शुभांगीच्या लग्नाची ढाल पुढे केली, ती शुभांगीसाठी नव्हती हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगरूळपीरचे उत्तमराव आले. बरोबर त्यांची बायको रुपाबाई आणि मुलगा अंकुर. उत्तमराव संत्र्याच्या बागेचे मालक, अंगाने आडवे, बोलण्यात मऊ, आणि वरच्या ओठावर अशी भरघोस मिशी की बोलताना फक्त तीच हलताना दिसावी. लक्ष्म्यांपुढे हात जोडून झाले, पानं मांडली गेली. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, आणि द्रोणात ज्वारीची आंबील. शुभांगीला वाढायला लावायचं नाही म्हणून आंबिलीचं पातेलं प्रियूच्या हातात आलं.

ती पंगतीतून वाढत उत्तमरावांपर्यंत गेली. ते पोळीवर तूप ओतून घेत होते. पानातून नजर न उचलताच त्यांनी विचारलं, "काय बाई, अमरावतीले कोणता विषय घेतला?"

प्रियू पुढे सरकली.

"बाई, विषय कोणता म्हणलं?" त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं.

काहीतरी विचारलंय एवढं तिला कळलं. ती मागे वळली, त्यांचा द्रोण पाहिला आणि हसून म्हणाली, "हाय ना, अजून हाय. घ्या." आणि भरलेल्या द्रोणात तिने आणखी एक पळी ओतली. आंबील द्रोणावरून पानात आली, पानातून पुरणपोळीखाली शिरली. अंकुर चटकन पुढे झाला आणि त्याने पान उचलून धरलं. रुपाबाईने पदर तोंडाला लावला. वर्षाराणी हे दारातून पाहत होती.

"तिले आयकू येत नाई," आतल्या दारातून शुभांगी म्हणाली. साडीचा काठ सावरत ती सरळ पंगतीपुढे आली. पाहायला आलेल्या लोकांपुढे मुलीने असं यावं हे रीतीला धरून नव्हतं. "तिच्याकडं पाहून बोलाल तर सारं समजते तिले."

उत्तमरावांनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, स्वतःचंच. "जन्मापासून का?" त्यांनी हळूच जगदेवला विचारलं.

जगदेवच्या हातात पुरणपोळीचा घास होता. तो बोलायच्या आत वर्षाराणी दारातून घाईघाईने म्हणाली, "नाई, नाई, तसं काही नाई जी. सर्दीनं कान बसले तिचे. आठ दिवसात मोकळे होतेत."

वर्षाराणी उजेडात उभी होती. तिचे ओठ प्रियूला लख्ख दिसले. प्रियूने पातेलं जमिनीवर ठेवलं, पळी त्यात नीट टेकवली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

"तुमी जेवा," जगदेव म्हणाला. "मी आलोच." लक्ष्म्यांच्या पानावरून तो आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट उठला.

ती दोडक्याच्या मांडवाखाली उभी होती. पिवळ्या फुलांवर दुपारच्या माश्या घोंगावत होत्या. तारेवरून सुटून लोंबणारे वेल ती एकेक करून वर चढवत होती. जगदेव येऊन तिच्या शेजारच्या ओळीत उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. तोही लागला. एक तार सैल झाली होती, ती ओढून खांबाला गुंडाळता गुंडाळता, तिच्याकडे पाठ करून, तो बोलू लागला.

"तुहे बाबा अकोल्याले दवाखान्यात होते. तुही माय अन् आजी त्याइच्यापाशी. तू माह्यापाशी होती, सात वर्षाची. तुले ताप भरला. भेंडी तोडणीले आली होती, गणेशच्या दवाखान्याले पैसा पाहिजे होता, मी म्हणलं साधा ताप असन. दुकानातल्या गोळ्या देल्या. एक दिवस, दोन दिवस. तुही मोठी आई पहिल्याच दिवशी म्हणे, दवाखान्यात न्या. मी म्हणलं, उद्या. चार दिवस मी उद्या म्हणलं, प्रियू. पाचव्या दिवशी तुही मान वाकेना, तवा वाशीमले नेली. डॉक्टर म्हणे, मेंदूचा ताप हाय, एवढा उशीर काहून केला? ताप उतरला. घरी आणलं अन् मी तुले हाक मारली, तर तू वळूनच पाह्यलं नाई."

तार कधीच ताठ झाली होती. तो ती तरीही गुंडाळत होता. मागून काही आवाज येईना. रडणं नाही, शब्द नाही. शेवटी त्याला ते सहन होईना म्हणून तो वळला.

प्रियू वेल हातात धरून त्याच्याकडे पाहत होती.

"मोठे बाबा, तुमी काही बोलून राह्यले का?" ती म्हणाली. "मले पाठ दिसली फक्त. इकडं पाहून सांगा."

काही नाही म्हणून सांगता आलं असतं. तेवढ्यावर ती गोष्ट मांडवाखालीच राहिली असती, आणखी चौदा वर्षं, त्याच्या मरेपर्यंत. जगदेव दोन पावलं पुढे आला, तिच्या अगदी समोर, आणि ऊन आपल्या तोंडावर येईल असा उभा राहिला.

दुसऱ्यांदा सांगताना शब्द कमी लागले. भेंडीचं त्याने सांगितलं नाही, पैशाचंही नाही. फक्त ताप, गोळ्या, आणि चार वेळा म्हटलेलं 'उद्या'. सांगताना त्याने डोळे खाली घातले नाहीत. ती त्याच्या ओठांकडे पाहत होती, आणि एकेक शब्द तिच्यापर्यंत पोचताना त्याला दिसत होता.

"चार दिवस?"

"चार."

ती बांधावर बसली. तो उभाच होता.

"मले राग आला हाय," ती म्हणाली. "येऊ द्या थोडा वेळ."

"येऊ दे, माय."

तिने पायाजवळचं गवत उपटलं, आणखी उपटलं. मग वर पाहिलं. "एक इचारू? तुमी दाखल्याले नाई म्हणून राह्यले ते शुभीसाठी, का यासाठी?"

"यासाठी. डॉक्टर इचारन, कशानं झालं. तुह्यासमोर इचारन."

"मंग तसं सांगाचं ना!" तिचा आवाज एकदम चढला, आपला आवाज केवढा होतो हे तिला कधी कळत नसे, विहिरीपलीकडच्या रानातले बगळे उडाले. "मी आपली समजत होती का तुमाले माही लाज वाटते. लहानपणापासून. शाळेतल्या बाई दाखला काढा म्हणल्या तवा तुमी भांडून आले होते. मले वाटे, मी अशी हाय हे कोणाले कळू नये म्हणून मोठे बाबा भांडतेत. म्हणून मी मेहनत करे. कोणाले कळूच नाई देत."

"लाज?" जगदेव म्हणाला. "तुही?" तो तिच्याजवळ बांधावर बसला, आणि मग लक्षात येऊन उठला आणि तिच्यासमोर खाली मातीत बसला. "तुही लाज मले सपनातबी नाई वाटली, पोरी. माही मलेच वाटे."

ती रडली. तो रडला की नाही हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घाम बराच आला होता. डोळे पुसून ती म्हणाली, "सही तुमची लागत नाई. मी एकवीस वर्षाची हाय. पण मले तुमचं हो पाहिजे होतं."

"अन् तुहं? तुहं हो हाय का?"

"कालपर्यंत नव्हतं. वाटे, एकदा का तो कागद हाती घेतला का मंग आपण तेच होऊन जातो. लोकं नावाच्या आधी तेच सांगतीन. पण आज माय सर्दी म्हणाली ना..." ती थांबली. "सर्दी कधी बरी होते, मोठे बाबा? मी बरी कधी होऊ? मले बरं होण्याची वाट नाई पाहाची आता. शिकाचं हाय."

"मंग बुधवारी जाऊ," जगदेव म्हणाला.

दोघं परत आले तेव्हा पाहुणे हात धुऊन उठले होते. मागच्या दारात वर्षाराणी उभी होती. तिने लेकीच्या हनुवटीला धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "चुकलं माहं." प्रियूने आईच्या पदराला आपले मातीचे हात पुसले. एवढंच.

निघताना उत्तमराव अंगणात थांबले. चार पावलं मागे येऊन प्रियूसमोर उभे राहिले, दोन्ही हातांच्या बोटांनी आपली मिशी वर दाबून धरली आणि उघड्या पडलेल्या ओठांनी सावकाश म्हणाले, "विषय कोणता, बाई?"

"वनस्पतीशास्त्र," प्रियू म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. अंकुर हसला, शुभांगी दाराआड हसली. रुपाबाई हसली नाही, पण तिने जाताना प्रियूच्या डोक्यावरून हात फिरवला. सोयरिकीचं काय ते कळवतो, एवढं बोलून ते गेले.

बुधवारी पहाटे ललिताबाईने डबा बांधला. जगदेवच्या हातात देताना ती म्हणाली, "डॉक्टरनं इचारलं तर सांगजा. अन् मीबी जोर करून न्याले पाहिजे होतं तिले. तुमी एकटेच नोका घेऊ सारं." चौदा वर्षांत त्या विषयावर तिने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. जगदेवने डबा घेतला आणि तिच्या हातावर क्षणभर हात ठेवला. वर्षाराणी आत होती, त्यामुळे लगेच काढूनही घेतला.

वाशीमच्या दवाखान्यात गर्दी होती, पण नंबर दुपारच्या आत आला. कान तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या. छातीवरच्या पाटीवर 'धम्मदीपा' असं नाव होतं. फॉर्म पुढे ओढून, त्याच्याकडेच पाहत त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"सात वर्षाची होती."

"कशामुळे?"

जगदेवने प्रियूकडे पाहिलं आणि मॅडमना सांगितलं. ताप होता, मेंदूचा. मी चार दिवस उशीर केला. मॅडमनी मान हलवली, लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "चक्कर वगैरे येते का?" त्याने चौदा वर्षं उरात बाळगलेल्या गोष्टीची त्या कागदावर अर्धी ओळ झाली होती.

मग प्रियूला काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं, असं मॅडमनी तिच्या समोर जाऊन सांगितलं, बाहेर आल्या आणि यंत्राचं बटण फिरवू लागल्या. जगदेव काचेबाहेर स्टुलावर बसला. बोट वर गेलं नाही. मॅडमनी बटण आणखी फिरवलं. बोट गेलं नाही. आणखी फिरवलं. थोड्या वेळाने बंद खोलीतून, काचेतून, हेडफोनमधून गळणारी बारीक शिट्टी जगदेवच्या कानांवर आली. बाहेर बसलेल्या त्याला ऐकू येत होती. आत प्रियू मांडीवर हात ठेवून, डोळे विस्फारून, मन लावून वाट पाहत होती.

त्याला उठून जावंसं वाटलं. तो बसून राहिला. 'जराकसं कमी' म्हणजे किती, ते आज तो पहिल्यांदा पाहत होता, आणि एवढ्यावर पोरीने बी.एस्सी. काढली होती. मॅडमनी बटण जवळजवळ शेवटपर्यंत नेलं तेव्हा कुठे प्रियूचं बोट वर आलं, आणि काचेतून तिने त्याच्याकडे पाहिलं. जगदेवने मान डोलावली.

पावती हातात पडली तेव्हा दोन वाजले होते. एस.टी. स्टँडवर बाकावर बसून त्यांनी डबा खाल्ला. मंगरूळपीरहून अजून काही निरोप आला नव्हता, आणि सकाळपासून आपल्याला त्याची आठवणही झाली नाही हे जगदेवच्या तेव्हा ध्यानात आलं. प्रियूने हात पुसून फोन काढला, पावतीचा फोटो घेतला आणि अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, विषय, वर्ष. भरता भरता ती थांबली. फोन त्याच्यापुढे धरला.

"अथी 'कारण' म्हणून एक रकाना हाय. काय लिहू?"

"जे झालं ते लिही," जगदेव तिच्याकडे वळून म्हणाला. "चार दिवसबी लिही."

तिने अंगठ्याने दोन अक्षरं लिहिली. त्याने वाकून पाहिलं. रकान्यात 'ताप' एवढाच शब्द होता.

"एवढंच?"

"त्याइनं कारण इचारलं, मोठे बाबा," प्रियू म्हणाली. "कोणामुळं झालं ते नाई इचारलं."

आणि तिने अर्ज पाठवला.